कॉलिंगवुड आणि त्याने नाकारलेले पदक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिडांच्या जहाजांच्या काळातील पदकांचा विषय निघाला की सुरुवातीचे प्रश्न ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनविषयी असतात आणि थोड्याच वेळात गाडी त्याच्या मित्राकडे, कथबर्ट कॉलिंगवुडकडे वळते. पदक मिळत असताना एखादा अधिकारी ते घेत नाही, ही गोष्ट लोकांना विलक्षण वाटते. ती आहेही विलक्षण. मात्र ती जशी सांगितली जाते तशी ती घडलेली नाही. पत्रांतून आणि भेटीगाठींत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्यांची उत्तरे एकमेकांत मिसळतात, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॉलिंगवुड नेमका कोण होता?

इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल या बंदरगावात जन्मलेला हा व्यापाऱ्याचा मुलगा. १७६१ मध्ये तो एका नातेवाईक कॅप्टनच्या हाताखाली शॅनन या जहाजावर दाखल झाला आणि १८१० मध्ये भूमध्य समुद्रात जहाजावरच मरण पावला. जवळजवळ पन्नास वर्षांच्या या नोकरीतील बहुतेक काळ त्याने पाण्यावर काढला. १ जून १७९४ची लढाई, १४ फेब्रुवारी १७९७ची केप सेंट व्हिन्सेंटची लढाई आणि २१ ऑक्टोबर १८०५ची ट्राफल्गरची लढाई, अशा तीन मोठ्या लढायांत तो होता. तिन्हींसाठी त्याला सुवर्णपदक मिळाले, पण पहिले पदक दुसऱ्याबरोबर, तेही त्याने हट्ट धरल्यानंतर आले.

२. त्याचे जन्मसाल कुठे १७४८ तर कुठे १७५० असे का दिसते?

जुन्या चरित्रांत १७५० आहे, नवी चरित्रे २६ सप्टेंबर १७४८ ही तारीख धरतात. येथे १७४८ धरले आहे, म्हणजे आरमारात शिरताना तो तेरा वर्षांचाही नव्हता. त्या काळी ते लवकर मानले जात नसे.

३. तेव्हाच्या आरमारात बढती मिळत तरी कशी असे?

लेफ्टनंट होईपर्यंत परीक्षा, ओळख आणि नशीब या तिन्हींची गरज लागे. कॉलिंगवुडला लेफ्टनंटपद मिळायला चौदा वर्षे लागली. १७ जून १७७५ रोजी अमेरिकेत बंकर हिलच्या लढाईत सैन्याला होड्यांतून माणसे आणि सामान पुरवण्याचे काम त्याने केले आणि त्याच दिवशी त्याला ते पद मिळाले. पुढची मोठी पायरी पोस्ट कॅप्टनची, म्हणजे पूर्ण दर्जाच्या कॅप्टनची. तिच्यावर एकदा पाय ठेवला की पुढे काम चांगले असो वा वाईट, माणूस ज्येष्ठतेच्या यादीत सरकत राहतो आणि वरचे मरतील किंवा बढती घेतील तसा ॲडमिरल होतो. यादीत वरच्याला ओलांडून जाता येत नसे. म्हणूनच पोस्ट कॅप्टन होण्याची तारीख हीच त्या अधिकाऱ्याच्या आयुष्याची खरी कुंडली असे. युद्ध संपले की बहुतेक जण अर्ध्या पगारावर घरी बसत आणि जहाज मिळावे म्हणून पत्रे लिहीत.

४. नेल्सन दहा वर्षांनी लहान होता. मग तो कॉलिंगवुडच्या पुढे कसा गेला?

केवळ नऊ महिन्यांमुळे. दोघांची मैत्री वेस्ट इंडीजमध्ये जमली. जमैकाच्या ठाण्यावर सर पीटर पार्कर हा ॲडमिरल असताना नेल्सनला बढती मिळाली की त्याची रिकामी झालेली जागा कॉलिंगवुडला मिळे. लोस्टॉफ या जहाजावर असे झाले, बॅजरवर झाले आणि हिंचिनब्रूक या फ्रिगेटवरही झाले. नेल्सन जून १७७९ मध्ये पोस्ट कॅप्टन झाला, कॉलिंगवुड मार्च १७८० मध्ये. प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या नियमामुळे हे अंतर दोघांच्या हयातीत कधी भरून निघाले नाही.

हिंचिनब्रूकची नेमणूक वरवर भाग्याची दिसते, पण तिच्याबरोबर निकाराग्वाच्या सान हुआन नदीवरची मोहीम आली. तापाने तेथे इतकी माणसे गेली की जहाजावरील दोनशे जणांपैकी एकशे ऐंशी जणांना आपण मूठमाती दिली, असे कॉलिंगवुडने नंतर लिहिले. नेल्सनही तापाने खंगून तेथून निघाला होता. या दोघांनी पुढे अँटिग्वात एकमेकांची चित्रे काढली. आजारपणात डोके भादरल्यामुळे नेल्सनने केसांचा पिवळा टोप घातला होता आणि कॉलिंगवुडने त्याला तसाच रंगवला.

५. त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला होता, हे खरे का?

होय. १७७७ मध्ये हॉर्नेट या छोट्या जहाजाच्या कॅप्टनने त्याच्यावर आज्ञाभंगाचे आणि हयगयीचे आरोप ठेवले. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, पण त्याच्या कामात पुरेसा उत्साह दिसत नाही, अशी समजही दिली. ज्याने पुढे तीन मोठ्या लढाया मारल्या त्याच्याविषयीचा हा शेरा आज वाचताना हसू येते. तरी त्याच्यात थोडे तथ्य असावे. त्याला ओळखणारे बहुतेक जण त्याचे वर्णन अबोल आणि कोरडा असेच करतात.

६. हे सुवर्णपदक कसे दिसत असे?

राजा तिसरा जॉर्ज याच्या काळात, १ जून १७९४ च्या लढाईनंतर, ते सुरू झाले. त्याचे दोन आकार होते: ॲडमिरलांसाठी सुमारे दोन इंच व्यासाचे मोठे आणि कॅप्टनांसाठी सुमारे सव्वा इंचाचे लहान. पुढच्या बाजूला प्राचीन गलबताच्या नाळेवर ब्रिटानिया उभी आहे, तिचा एक पाय शिरस्त्राणावर आहे आणि पंखधारी विजयदेवता तिच्या मस्तकावर हार ठेवते आहे. मागच्या बाजूला ओक आणि लॉरेल यांच्या पानांच्या वेढ्यात त्या अधिकाऱ्याचे नाव, लढाई आणि तारीख कोरलेली असे. दोन्ही बाजूंना काच बसवलेली असे आणि फीत पांढरी, कडांना गडद निळी होती. मोठे पदक गळ्यात घालत, लहान पदक कोटाच्या काजात अडकवत.

मागची बाजू लक्षात ठेवण्यासारखी आहे. आजच्या बऱ्याच पदकांवर नाव कडेला बारीक अक्षरांत असते. येथे नावच पदकाच्या मध्यभागी होते. सन्मान जहाजाचा नव्हता, खलाशांचाही नव्हता. नाव कोरलेल्या त्या एका माणसाचा होता. पुढे जे झोंबले त्याचे मूळ येथे आहे.

७. ते कोणाला मिळे? लढाईत असलेल्या प्रत्येकाला का?

नाही. लेफ्टनंट, मिडशिपमन, खलाशी आणि नौसैनिक यांना ते मिळतच नसे. १७९४ ते १८१५ या काळात निवडक विजयांसाठी मोठी २२ आणि लहान ११७, इतकीच सुवर्णपदके दिली गेली. कॅप्टनांपैकीही सगळ्यांना मिळेलच असे नव्हते. लढाईनंतर सरसेनापती जो अहवाल लंडनला पाठवी, त्यात नाव असणे किंवा नसणे याला फार वजन होते. अपवादांसाठी प्रश्न १३ पाहावा.

८. १ जून १७९४ च्या लढाईत कॉलिंगवुड होता, मग त्याला पदक का मिळाले नाही?

अटलांटिकमध्ये, किनाऱ्यापासून खूप दूर, लॉर्ड हाऊच्या आरमाराने फ्रेंच आरमाराला गाठले आणि सहा जहाजे पकडून आणली. कॉलिंगवुड तेव्हा ९८ तोफांच्या बारफ्लर या जहाजाचा कॅप्टन होता आणि त्याच जहाजावर रिअर ॲडमिरल जॉर्ज बॉयर याचे निशाण होते. लढाईच्या ऐन भरात बॉयरचा पाय गेला. तो कोसळत असताना कॉलिंगवुडने त्याला सावरले, खाली शल्यविशारदाकडे पाठवले आणि उरलेली लढाई स्वतः चालवली.

हाऊ वयाने थकलेला होता आणि आपल्या अधिकाऱ्यांत भेद करायला सुरुवातीला तयार नव्हता. ॲडमिरल्टीने, म्हणजे आरमाराचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या कार्यालयाने, नावे मागितल्यावर त्याने विशेष उल्लेखांची यादी पाठवली. तिच्यात बॉयरचे नाव होते, कॉलिंगवुडचे नव्हते. पदके याच यादीवरून दिली गेली. म्हणजे एकाच जहाजावरील, एकाच फळीवर उभ्या असलेल्या दोघांपैकी पाय गमावलेल्या ॲडमिरलला पदक आणि सरदारकीचा किताब मिळाला आणि त्याच्यानंतर जहाज लढवणाऱ्या कॅप्टनला काहीच मिळाले नाही. गाळला गेलेला तो एकटाच नव्हता. रिअर ॲडमिरल कॉल्डवेललाही पदक नव्हते. यादीत नाव नसणे म्हणजे कर्तव्यात कसूर झाली, असा अर्थ आरमारातच नव्हे तर सगळ्या देशात लावला जाणार, हे प्रत्येकाला कळत होते.

हे अपमानाच्या हेतूने केले गेले असे मानायला आधार नाही. यादी करणाऱ्याला धुरात जे दिसले, जे सांगितले गेले, त्यावर ती झाली. पण अशी यादी जेव्हा सोन्यात उतरते तेव्हा तिची चूकही सोन्यात उतरते. कॉलिंगवुडने हे मनात ठेवले, पण आरडाओरड केली नाही.

९. मग त्याने पदक नाकारले ते कोणते आणि कसे?

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. त्याने १ जूनचे पदक नाकारले असे लिहिले जाते. ते पदक त्याला मिळालेलेच नव्हते, मग नाकारणार कसे? त्याने नाकारले ते केप सेंट व्हिन्सेंटचे, म्हणजे पुढच्या लढाईचे पदक.

१४ फेब्रुवारी १७९७ रोजी सर जॉन जर्व्हिसच्या पंधरा जहाजांनी पोर्तुगालच्या नैर्ऋत्य टोकाजवळ मोठ्या स्पॅनिश आरमाराशी झुंज दिली. कॉलिंगवुड तेव्हा ७४ तोफांच्या एक्सलंटचा कॅप्टन होता. त्याच्या तोफखान्याची ख्याती आधीच पसरलेली होती, कारण एका बाजूच्या सगळ्या तोफा पाच मिनिटांत तीनदा डागल्या गेल्या तर कोणतेही जहाज त्याच्यापुढे टिकणार नाही, असे तो आपल्या माणसांना सांगे आणि त्यांच्याकडून तसा सराव करून घेई. त्या दिवशी त्याने साल्वादोर देल मुंदो आणि सान इसिद्रो या दोन जहाजांना नमवले. त्यानंतर नेल्सनचे ‘कॅप्टन’ नावाचे जहाज मोडकळीला आलेले असताना त्याने आपले जहाज मध्ये घातले आणि सान निकोलासवर इतक्या जवळून मारा केला की ते जहाज शेजारच्या सान होसेफवर जाऊन आदळले. मग नेल्सन एकावरून दुसऱ्यावर चढला आणि दोन्ही काबीज केली. नेल्सनचे हे धाडस चित्रांत आले. ती दोन जहाजे एकमेकांत अडकवणारा मारा सहसा चित्राबाहेर राहतो. नेल्सन स्वतः मात्र हे विसरला नाही. अडचणीत धावून आलेल्या मित्राचे आभार मानणारे पत्र त्याने दुसऱ्याच दिवशी कॉलिंगवुडला पाठवले.

विजयानंतर कॅप्टनांना पदके मिळणार असल्याचे जर्व्हिसने सांगितले, तेव्हा कॉलिंगवुडने उत्तर दिले की १ जूनचे पदक रोखून धरलेले असताना हे आपण घेऊ शकत नाही. त्या वेळी आपल्याला अन्यायाने वगळले गेले आणि आता हे स्वीकारणे म्हणजे तो अन्याय योग्य होता असे कबूल करणे होईल. जर्व्हिस कडक शिस्तीसाठी ओळखला जाई. तो रागावला नाही. तुमच्याकडून मला याच उत्तराची अपेक्षा होती, असे तो म्हणाला.

थोड्याच दिवसांत दोन्ही पदके एकत्र आली. सोबत ॲडमिरल्टीचे प्रमुख लॉर्ड स्पेन्सर यांचे सभ्य पत्र होते. पहिले पदक काही महिन्यांपूर्वीच पाठवले असते, पण ते पोहोचवण्यासाठी योग्य साधन मिळाले नाही, असा त्यातला आशय होता. आपल्याकडील कोणत्याही कार्यालयात टपालाची वाट पाहिलेल्या माणसाला या वाक्याची गोडी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. चूक कोणी मान्य केली नाही, कोणी नाकारलीही नाही. सोने मात्र आले.

१०. हा अहंकार नव्हता का? एवढे पदकाचे काय?

हा प्रश्न नाराजीच्या सुरात येतो आणि तो रास्त आहे. माझे मत असे की, हवेपणा असता तर त्याने मिळणारे पदक घेतले असते आणि दुसऱ्यासाठी अर्ज केला असता. हातचे सोडून देण्याची तयारी दाखवली की मागणी हावरेपणाची राहत नाही, हे त्याला कळले होते. शिवाय १ जूनला बारफ्लरवर लढलेल्या शेकडो माणसांना स्वतःचे पदक मिळण्याची सोयच नव्हती (प्रश्न ७). त्यांच्या जहाजाचे नाव कोरले जायचे ते कॅप्टनच्या नावातूनच.

११. ट्राफल्गरला त्याने काय केले?

नेल्सनने आरमाराच्या दोन रांगा केल्या होत्या. एका रांगेचे नेतृत्व तो स्वतः व्हिक्टरीवरून करणार होता, दुसरीचे व्हाइस ॲडमिरल कॉलिंगवुड रॉयल सॉव्हरिनवरून. हे जहाज त्याने थोड्याच दिवसांपूर्वी घेतले होते आणि त्याच्या तळाला नवे तांबे ठोकलेले असल्यामुळे ते इतरांपेक्षा चपळ चाले. परिणाम असा की बाराच्या सुमारास तो सगळ्यांच्या आधी फ्रेंच आणि स्पॅनिश शत्रूच्या रांगेत शिरला आणि काही काळ एकटाच, चारी बाजूंनी, मार खात राहिला. ११२ तोफांच्या सांता आनाच्या मागून जाताना त्याने एका बाजूच्या सगळ्या तोफा डागल्या. दूरवरून हे पाहणाऱ्या नेल्सनने त्याचे मोठ्याने कौतुक केले आणि त्याच वेळी इकडे कॉलिंगवुड आपल्या कॅप्टनला, एडवर्ड रॉदरमला, म्हणत होता की येथे असण्यासाठी नेल्सनने काय मोजले नसते!

त्या दिवसाच्या दोन-तीन लहान गोष्टी माणूस दाखवतात. सकाळी तो शांतपणे दाढी करत होता. लेफ्टनंट क्लॅव्हेलला बूट घातलेले पाहून त्याने त्याला रेशमी मोजे घालायला सांगितले, कारण पायाला गोळी लागली तर शल्यविशारदाला ते काढणे सोपे जाते. बॉयरचा पाय ज्याने पाहिला होता त्याचा हा सल्ला होता. लढाईच्या मध्यात एक जादा शीड बाजूला लोंबकळताना दिसले तेव्हा ते पुन्हा कधीतरी लागेल म्हणून क्लॅव्हेलला हाताशी घेऊन त्याने स्वतः गुंडाळून ठेवले. आणि तोफा गर्जत असताना तो डेकवर सफरचंद खात फिरत होता. रॉयल सॉव्हरिनवर ४७ माणसे मेली आणि ९४ जखमी झाली. कॉलिंगवुडच्या पायालाही लाकडाची ढलपी लागली, पण जखमींच्या यादीत त्याने स्वतःला घातले नाही.

या लढाईसाठी त्याला मोठे पदक मिळाले आणि रॉदरमला लहान. बारफ्लरवर जे घडले नाही ते येथे घडले, म्हणजे एका जहाजावरील ॲडमिरल आणि कॅप्टन, दोघांचाही सन्मान झाला. यावेळी सरसेनापतीचा अहवाल कॉलिंगवुडलाच लिहावा लागला, कारण नेल्सन मरण पावला होता. पिकल या छोट्या जहाजातून लेफ्टनंट लापेनोटियर तो घेऊन निघाला आणि ६ नोव्हेंबरला पहाटे लंडनला पोहोचला. वगळले जाण्याची झळ ज्याला ठाऊक होती तो अहवाल लिहीत होता, हे ध्यानात ठेवून तो वाचावा.

१२. वादळापूर्वी नांगर न टाकल्याबद्दल त्याला दोष का दिला जातो?

मरणापूर्वी नेल्सनने आरमाराला नांगर टाकायला सांगितले होते आणि कॉलिंगवुडने तसे लगेच केले नाही. त्यानंतर कित्येक दिवस जोरदार वादळ झाले आणि पकडलेल्या जहाजांपैकी फक्त चार जिब्राल्टरला पोहोचली. सांता आना तर दोनच दिवसांनी स्पॅनिश लोकांनी परत मिळवली. टीकाकारांचा आक्षेप एवढा आहे. दुसऱ्या बाजूला, अनेक जहाजांचे नांगर आणि दोरखंड गोळ्यांनी तुटले होते, डोलकाठ्या पडल्या होत्या आणि किनाऱ्याचे उथळ पाणी जवळ होते. एकही ब्रिटिश जहाज बुडाले नाही, हे त्याच्या बाजूचे सर्वांत भक्कम उत्तर. त्या वादळात त्याने जखमी स्पॅनिश कैदी कादिसच्या गव्हर्नरकडे परत पाठवले, ही गोष्ट तुलनेने कमी सांगितली जाते.

१३. नियमाबाहेरची उदाहरणे कोणती?

लेफ्टनंटला सुवर्णपदक मिळत नसे, तरी ट्राफल्गरला दोघांना मिळाले. एजॅक्स आणि थंडरर यांचे कॅप्टन एका खटल्यात साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते, म्हणून जॉन पिल्फोल्ड आणि जॉन स्टॉकहॅम हे लेफ्टनंट त्या दिवशी जहाजे चालवत होते. पद लेफ्टनंटचे असले तरी काम कॅप्टनचे होते, म्हणून पदक.

मृत अधिकाऱ्याचे पदक कुटुंबाकडे जाऊ शके. नेल्सनचे ट्राफल्गरचे पदक असेच आहे.

उलटा अपवाद कोपनहेगनचा. १८०१ मध्ये नेल्सनने तेथे अतिशय रक्तरंजित लढाई जिंकली, तरी सुवर्णपदक दिले गेले नाही. डेन्मार्कशी रीतसर युद्ध जाहीर झालेले नव्हते, असे कारण सांगितले जाते. नेल्सन याबद्दल मरेपर्यंत कुरकुरत राहिला. म्हणजे प्रश्न १० मधला हवेपणाचा आरोप करायचाच असेल, तर तो या मित्रावर जास्त शोभतो.

१४. सामान्य खलाशाला काहीच मिळाले नाही का?

सरकारकडून बराच काळ काही नाही, खासगी लोकांकडून मात्र मिळाले. नाईलच्या लढाईनंतर नेल्सनचा व्यवहार पाहणाऱ्या अलेक्झांडर डेव्हिसनने स्वतःच्या खर्चाने पदके पाडली: वरिष्ठांना सोन्याची, अधिकाऱ्यांना चांदीची, आणि खालच्यांना सोनेरी मुलामा दिलेली किंवा साध्या कांशाची. ट्राफल्गरनंतर बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याने खलाशांसाठी जस्ताळ रंगाच्या मिश्रधातूची पदके केली. कित्येकांनी ती अपमान समजून समुद्रात फेकली अशी आख्यायिका आहे. आज विकायला येणारी ‘ट्राफल्गरची पदके’ बहुधा याच खासगी जातीची असतात.

सरकारी पदक आले ते ४२ वर्षांनी. १ जून १८४७ रोजी, म्हणजे हाऊच्या लढाईच्या बरोबर ५३व्या वर्धापनदिनी, चांदीच्या नेव्हल जनरल सर्व्हिस मेडलची घोषणा झाली. १७९३ ते १८४० मधल्या लढायांसाठी ते होते, फितीवर प्रत्येक लढाईची वेगळी पट्टी होती आणि दर्जाचा भेद नव्हता: ॲडमिरल असो वा बल्लवाचा पोऱ्या, पदक एकच. पण अट मोठी होती. अर्ज करायला माणूस जिवंत पाहिजे. सुमारे २१ हजार पदके दिली गेली, त्यांतील बहुसंख्य शेवटच्या काळातील लढायांसाठी. १ जूनचे साक्षीदार तोवर फारच थोडे उरले होते आणि कॉलिंगवुड तर ३७ वर्षांपूर्वी गेलेला होता.

१५. विजयदुर्ग घेणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना अशी पदके मिळाली होती का?

नाही. १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनने तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा आरमारी सुवर्णपदकाची पद्धतच अस्तित्वात नव्हती, आणि १८४७चे पदकही १७९३ च्या मागे जात नाही. त्या काळाचे बक्षीस लुटीचा वाटा हेच. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणारा विल्यम जेम्स राजाच्या आरमारात नव्हता, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीन या आरमारातला. त्याला कंपनीने सोन्याच्या मुठीची तलवार दिली. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने लंडनच्या शूटर्स हिलवर १७८४ मध्ये तिकोनी बुरूज बांधला आणि त्याला सुवर्णदुर्गाच्या नावाचा इंग्रजी अपभ्रंश, सेव्हर्नड्रूग, असे नाव दिले.

१६. कॉलिंगवुडचा मुंबईशी काही संबंध होता का?

प्रत्यक्ष नाही. पण एका विषयाने दोघे जोडले जातात: लाकूड. सुट्टीत घरी असला की कॉलिंगवुड खिशात ओकची फळे घेऊन फिरे आणि कुंपणाकडेला पेरत जाई, कारण पुढे आरमाराला ओक कमी पडेल याची त्याला चिंता होती. त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे जहाजबांधणीकार मलबारी सागवानाची जहाजे बांधत होते. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेले ७४ तोफांचे मिंडेन १८१० मध्ये पाण्यात उतरले, कॉलिंगवुडच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी. त्याने ज्या झाडांची काळजी केली त्यांची जागा पुढे पोलादाने घेतली आणि त्याने पेरलेल्या ओकची आरमाराला गरज राहिली नाही.

१७. घरात जुने पदक सापडले तर ते खरे कसे ओळखावे?

सुवर्णपदक असण्याची शक्यता जवळपास नाही, कारण ती मुळातच मोजकी आणि नावानिशी नोंदलेली आहेत. १८४७चे चांदीचे पदक (प्रश्न १४) असेल तर आधी कड पाहावी. माणसाचे नाव तेथे ठशाने उमटवलेले असते. मग तेच नाव नोंदवहीत आहे का आणि पट्ट्या त्याच्या नोंदीशी जुळतात का, हे तपासावे. फसवणूक बहुतेक वेळा पदकाची नसते, वाढवलेल्या पट्टीची असते. पॉलिश करू नये. धूळ मऊ कोरड्या कापडाने पुसावी आणि तेथेच थांबावे.

१८. तो ट्राफल्गरनंतर घरी का परतला नाही आणि त्याच्या खुणा आज कुठे पाहता येतील?

त्याला भूमध्य समुद्राचा सरसेनापती केले गेले, बॅरनचा किताब आणि वर्षाला दोन हजार पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले. १८०३ मध्ये सोडलेले घर, पत्नी सारा आणि दोन मुली त्याला पुन्हा दिसल्या नाहीत. तब्येतीच्या कारणाने त्याने परत बोलावण्याची विनंती केली, पण त्याची जागा घेईल असा दुसरा कोणी मिळत नाही, अशी उत्तरे येत राहिली. त्याचा लाडका कुत्रा बाउन्स १८०९ मध्ये गेला. ७ मार्च १८१० रोजी, मिनोर्काहून अखेर घरी निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, व्हिल द पॅरिस या जहाजावर त्याचा मृत्यू झाला. किताब मुलींना मिळावा ही विनंती मान्य झाली नव्हती आणि मुलगा नसल्याने तो किताब संपला.

त्याचे दफन लंडनच्या सेंट पॉल्समध्ये, नेल्सनजवळ झाले. टाइनमथच्या कड्यावर त्याचा १८४५चा पुतळा आहे आणि त्याच्या पायथ्याशी रॉयल सॉव्हरिनच्या चार तोफा समुद्राकडे तोंड करून ठेवल्या आहेत. तेथून दक्षिणेला हार्टलपूलला मुंबईत बांधलेले ट्रिंकोमाली हे १८१७चे फ्रिगेट पाहता येते. ते अजून तरंगते आहे आणि त्याचे लाकूड सागवान आहे.